पिकअपवरची पेटी, काचेपुढे आलेली चोच आणि फास्टॅग

प्रश्न पुण्याहून आला आहे. थोडक्यात असा: पांढऱ्या नंबरपाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची, डबल केबिन पिकअप आहे. तिच्या हौद्यात बसणारी, झोपण्या-रांधण्याची सोय असलेली पेटी करून घेतली. पेटीचा पुढचा भाग, म्हणजे तिची चोच, केबिनच्या टपावरून काचेच्याही पुढे येतो. दिवाळीनंतर सहकुटुंब कोकण किनाऱ्याने श्रीवर्धनपासून मालवणपर्यंत जायचं आहे. फास्टॅग कुठल्या वर्गाचा हवा? तो नीट वाचला जाईल का? वार्षिक पास घेण्यात अर्थ आहे का? आणि चाचणी म्हणून काढलेल्या पहिल्याच फेरीत एका नाक्यावर कारऐवजी टेम्पोचा टोल कापला गेला, तर एका नाक्यावर टॅग वाचलाच गेला नाही, असं का?

चिपळूणच्या बाजूला माझं पत्र्याचं आणि फायबरचं काम आहे. टेम्पोचे हौदे बांधता बांधता गेली काही वर्षं अशा पेट्याही करतो, आणि एक माझ्या स्वतःच्या पिकअपवर आहे. म्हणून शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतात.

टोलनाक्यावर तुमची गाडी दोनदा ओळखली जाते. पहिल्यांदा टॅगवरून. टॅगच्या मागे बँकेकडे गाडीचा नंबर आणि वर्ग नोंदलेला असतो, आणि पैसे कापले जातात ते त्या वर्गाप्रमाणे. दुसऱ्यांदा लेनमध्ये बसवलेल्या यंत्राच्या नजरेतून. बाजूच्या खांबांमधून आडवे किरण सोडलेले असतात, रस्त्यात चाकांचा दाब मोजणारी पट्टी असते. गाडी किती उंच, किती लांब, एक्सल किती, मागची चाकं एकेरी की जोडचाकं, यावरून ते यंत्र स्वतःचा वर्ग ठरवतं आणि फोटो काढून ठेवतं. दोन्ही उत्तरं जुळली तर प्रश्नच नाही. न जुळल्यास नाका फोटोसकट फरकाचा दावा लावू शकतो आणि बँक मागाहून वरचे पैसे टॅगमधून वळते करते. तुमच्या गाडीचा कागद म्हणतो कार. पेटी चढवल्यावरचा आकार म्हणतो टेम्पो. या भांडणात पैसे तुमचे जातात.

कोकणात हे भांडण आणखी एका शब्दाने वाढतं. आमच्याकडे ‘कॅम्पर’ म्हटलं की लोकांना बोलेरो कॅम्पर आठवते. पुढे पाच माणसं, मागे आंब्याच्या पेट्या, पिवळी पाटी. बँकेच्या टॅग विकणाऱ्या पोऱ्याला तुम्ही फोनवर ‘कॅम्पर आहे’ असं सांगितलंत की तो डोळे मिटून मालवाहू वर्ग टाकणार. माझ्या एका गिऱ्हाइकाचं हेच झालं. गाडी पांढऱ्या पाटीची, पण टॅग हलक्या मालवाहू वाहनाचा. वर्षभर जास्त टोल भरत होते बिचारे, आणि त्यांना वाटत होतं पेटीमुळे भरावा लागतो. म्हणून कुठेही ‘कॅम्पर’, ‘कॅराव्हॅन’ हे शब्द वापरू नका. आरसीवर जे छापलंय तेच सांगा.

आरसी उघडा आणि वाहनाचा वर्ग काय लिहिलाय ते बघा. तिथे मोटार कार असेल, तर टॅग वर्ग ४ चा, म्हणजे कार-जीप-व्हॅनचा. मालवाहू लिहिलं असेल तर वर्ग ५. टाटा एससारख्या छोट्या मालवाहू गाड्यांसाठी २० हा वेगळा आकडा आहे, तो तुम्हाला लागत नाही. वर्ग ४ च्या टॅगचा रंग जांभळा, वर्ग ५ चा नारिंगी. म्हणजे काचेकडे बघूनही चूक कळते. फरक किती पडतो? राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत मूळ दर कारला किलोमीटरला ६५ पैसे आणि हलक्या मालवाहू वाहनाला १ रुपया ५ पैसे धरलेला आहे. दर वर्षी १ एप्रिलला ते दर वाढत जातात, पण आपसातलं प्रमाण तेच राहतं, साधारण एकास एक पूर्णांक सहा. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा कारला एका फेरीचे २५० आणि हलक्या मालवाहू वाहनाला ४०० ठरले, म्हणजे तिथेही तोच हिशोब. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एप्रिल २०२३ च्या दरात कारला ३२० आणि टेम्पोला ४९५. सहलीत आठ-दहा नाके लागले तर चुकीच्या टॅगने एक दिवसाची मासळी गेली म्हणायची.

तुमचा टॅग जांभळा असूनही टेम्पोचा टोल कापला गेला असेल, तर ते यंत्राच्या फोटोवरून झालं. यावर उपाय म्हणजे ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडे तक्रार. नाक्यावर भांडून काही होत नाही. तिथला मुलगा पैसे परत देऊच शकत नाही, आणि मागच्या डंपरवाल्याचा हॉर्न तुमची दोन वाक्यंही पुरी होऊ देत नाही. बँकेच्या ॲपमध्ये तो व्यवहार निवडा आणि आरसीचा फोटो, नंबरपाटी दिसेल असा पुढचा फोटो आणि बाजूचा फोटो जोडा. बाजूचे फोटो दोन द्या, एक पेटी चढवलेला आणि एक उतरवलेला. मी आधी फक्त उतरवलेला पाठवायचो, तेव्हा बँक म्हणायची, नाक्याच्या फोटोतली गाडी ही नव्हेच. दोन्ही एकत्र दिल्यावर समोरच्या माणसाला पाच सेकंदांत कळतं की पेटी हा हौद्यात ठेवलेला सामानाचा नग आहे आणि गाडी तीच आहे. राष्ट्रीय महामार्गावरचा नाका असेल तर १०३३ वरही तक्रार नोंदवता येते. मोबाइलवर आलेला कपातीचा मेसेज मात्र सहल संपेपर्यंत पुसू नका. घाटात रेंज नसते, मेसेज तास-दीड तासाने सगळे एकदम येतात, आणि कुठल्या नाक्याचा कुठला हे नंतर जुळवत बसावं लागतं.

कागदाचं आणखी एक. पेटी कायमची बोल्टने जखडून, बॉडी कापून बसवली असेल तर तो गाडीतला बदल झाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय चालत नाही. पूर्ण बांधणीच्या मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. उचलून ठेवायची पेटी हे प्रकरण त्या मानाने सोपं, पण आरसीवर लिहिलेलं एकूण वजन ओलांडू नका. पाण्याची टाकी, सिलिंडर, बॅटरी, चार माणसं आणि परतीच्या आंबापोळ्या धरून एकदा वजनकाट्यावर गाडी चढवा. मी पहिल्यांदा चढवली तेव्हा बायकोने काट्याचा आकडा बघून माझ्याकडे असं बघितलं, की परत आल्यावर मी लोखंडी फ्रेम काढून ॲल्युमिनियमची केली.

आता टॅग न वाचण्याबद्दल. या विषयात मी सगळ्यात जास्त चुका केल्या आहेत, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

टॅगमध्ये बॅटरी नसते. लेनवरच्या कमानीवर अँटेना असते, ती ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडते, त्यांच्याच जोरावर टॅगमधली चिप जागी होते आणि आपला नंबर परत सांगते. म्हणजे अँटेना आणि टॅग यांच्यात जे काही येतं त्याचा हिशोब लागतो. काच चालते. फायबर चालतं, प्लायवुड चालतं. धातूचा पत्रा चालत नाही, लहरी परतवून लावतो. पाणीही लहरी खातं, म्हणून जुलैतल्या कोकणच्या पावसात काचेवरून पाण्याचा पडदा वाहत असतो तेव्हा एरवी झटक्यात वाचला जाणारा टॅगही एखादा क्षण अडतो.

तुमच्या पेटीची चोच म्हणजे काचेच्या कपाळावरची टोपी. सकाळचं तिरपं ऊन टोपीखालीही कपाळाला लागतं, भर दुपारचं लागत नाही. अँटेनाचं तसंच आहे. गाडी लांब असताना तिच्या लहरी तिरप्या येतात आणि चोचीखालून काचेवर पडतात. गाडी जसजशी लेन अडवणाऱ्या दांडीजवळ जाते तसतशा त्या डोक्यावरून येऊ लागतात आणि चोचीवर आपटतात. टॅग बँका सांगतात तसा काचेच्या वर, मधल्या आरशामागे लावलेला असेल तर तो त्या सावलीत आधीच जातो. साध्या कारला ती जागा उत्तम. चोचवाल्या गाडीला सगळ्यात वाईट.

माझी पहिली पेटी चौकटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून केलेली होती, चोच काचेपुढे सव्वादोन फूट. टॅग आरशामागे. चिपळूणहून कुंभार्ली चढून कऱ्हाडमार्गे कोल्हापूरला गेलो. त्या फेरीत एकाही नाक्यावर दांडी आपोआप उठली नाही. एका ठिकाणी हातातलं मशीन घेऊन पोरगा आला, काचेपाशी धरलं, तरी वाचेना. मग तो बॉनेटवर ओणवा होऊन, चोचीखाली हात घालून, टॅगला मशीन जवळजवळ चिकटवून उभा राहिला. तेव्हा कुठे ‘पीं’ वाजलं. उतरताना त्याची टोपी चोचीच्या कोपऱ्याला अडकून लेनमध्ये पडली. आम्ही दोघं हसलो, मागचे हसले नाहीत. सावंतवाडीकडच्या एका नाक्यावर मात्र वेगळाच सवाल झाला. लेनवाल्याने वरपासून खालपर्यंत गाडी न्याहाळली आणि म्हणाला, “काका, ह्यो टेम्पो मां? मगे कारचो टॅग कसो?” मी म्हटलं, “पाटी बघ मरे, पांढरी आसा.” त्याने खरंच वाकून पाटी बघितली, आरसीही बघितली, आणि दांडी वर केली. सगळीकडे असा समजूतदार भेटत नाही.

त्यानंतर मी काय केलं ते क्रमाने सांगतो. बँकेकडून बदली टॅग घेतला. जुना टॅग सोलून खाली लावू असा विचार करू नका, सोलला की आतली तार तुटते आणि तो मरतो, तसाच बनवलेला असतो. नवा टॅग काचेच्या खालच्या भागात, मधोमध, वायपरची पट्टी जिथे पुसून जाते त्या जागेवर आतून लावला. लावण्याआधी काच आतून स्पिरिटने पुसली. किनाऱ्यावरच्या गाड्यांच्या काचेला आतूनही खारट ओशटपणा येतो, त्यावर गोंद नीट धरत नाही आणि कोपरे सुटू लागतात. डॅशबोर्डवर टॅगच्या समोर गणपती, मोबाइलचा स्टँड, चकचकीत सनशेड काही ठेवलं नाही. गणपती डावीकडे सरकवला, तो रागावला नाही. तेवढ्याने दहापैकी आठ-नऊ वेळा टॅग आपोआप वाचला जाऊ लागला. दुसरी पेटी केली तेव्हा चोच फायबरची केली, आतला सांगाडा लाकडी. आता अडचण नाही.

तुमची चोच कशाची आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. फायबरची असेल तर आत उष्णता रोखायला चंदेरी फॉइलचा थर घातलाय का ते कारागिराला विचारा. हा थर पुष्कळ जण घालतात, मीही घालायचो. बाहेरून फायबर दिसतं, पण अँटेनाच्या दृष्टीने तो पत्राच.

टॅग वाचला जात नाही म्हणून तो हातात धरून दाखवायचा, नाहीतर डॅशबोर्डवर सुटा ठेवायचा, हा उद्योग करू नका. मीही एक-दोनदा केला आहे, म्हणून सांगतो. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने अशा सुट्या टॅगांना थेट काळ्या यादीत टाकायचं जाहीर केलं. कोणी म्हणेल चोचीच्या बाहेरच्या तोंडावर लावू. तेही नको. टॅग काचेसाठी केलेला असतो आणि नियमही काचेचाच आहे.

गाडी चालवण्याची रीतही थोडी बदला. कारवाले सवयीने दांडीला नाक लावून थांबतात. तुम्ही दांडीच्या एक गाडीभर आधी वेग अगदी कमी करा, हवं तर क्षणभर थांबा, म्हणजे तिरप्या लहरींना वेळ मिळतो. पुढे बस किंवा कंटेनर असेल तर अंतर सोडा. एकतर अँटेना त्याच्याआधी तुमचा टॅग पकडते आणि लेनवाल्याच्या पडद्यावर दोन गाड्यांची खिचडी होते, दुसरं म्हणजे दांडी खाली येते ती मागच्याच्या चोचीवर. चोचीचा कोपरा फुटला की पावसाचं पाणी थेट गादीत. लेन निवडायची झाली तर डावीकडची रुंद लेन घ्या. तिथे ट्रक असतात, रांग लांब वाटते, पण आरसे वाचतात. आणि गाडीत दुसरा टॅग ठेवू नका, घरच्या कारचा ग्लव्ह बॉक्समध्ये पडलेला किंवा आधीच्या मालकाचा काचेच्या कोपऱ्यात राहिलेला. गाडी जुनी घेतली असेल तर आधीच्या मालकाला सांगून तो बंद करून घ्या. एका गाडीला एकच टॅग चालतो, आणि दोन सापडले तर बंद पडतो तो नेमका तुमचा.

रिचार्जबद्दल फार लांबवत नाही. रांगेत उभं राहून रिचार्ज करायची सवय सोडा. फेब्रुवारी २०२५ पासूनच्या व्यवस्थेत टॅग नाक्यावर वाचला जाण्याआधी ६० मिनिटांहून जास्त आणि वाचल्यानंतरही १० मिनिटं काळ्या यादीत किंवा कमी शिलकीत असेल, तर व्यवहार नाकारला जाऊ शकतो. म्हणजे निघायच्या आदल्या रात्री, जेवण झाल्यावर, पैसे भरा आणि टॅग चालू दिसतोय याची खात्री करा. टॅग चालला नाही तर काय, याचा राष्ट्रीय महामार्गावरचा नियम १५ नोव्हेंबर २०२५ ला आला तेव्हा रोखीला दुप्पट आणि यूपीआयला सव्वापट असा होता. राज्याच्या नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून टॅग सक्तीचा झाला, तिथे दुप्पटच. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे आणि पुष्कळांना ठाऊक नाही. टॅग चालू आहे, शिलक आहे, चूक नाक्याच्या यंत्रणेची आहे, तर २०१८ च्या नियमाप्रमाणे तुम्हाला पैसे न घेता सोडायचं आणि शून्य रकमेची पावती द्यायची. हे शांतपणे सांगा, ॲपमधली शिलक दाखवा. पण चोचीने टॅग झाकला असेल तर ही चूक नाक्याची नव्हे, तिथे नियम दाखवायला गेलात तर तोंडघशी पडाल.

वार्षिक पासचं. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३००० रुपये, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. फक्त खासगी कार-जीप-व्हॅनसाठी, आणि गाडी खासगी आहे की नाही हे ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीतल्या नोंदीवरून तपासलं जातं. तुमची नोंद मोटार कारची असेल तर मिळेल. मालवाहूची असेल तर नाही. टॅग नुसत्या चासी नंबरवर काढलेला असेल तर आधी गाडीचा नंबर त्यावर चढवून घ्या. एका नाक्यावरून गेलात की एक फेरी, परत आलात की दुसरी. त्या दराने हिशोब १५ रुपयांना एक नाका असा पडतो, ऐकायला झकास. पण तो चालतो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच. मुंबई-पुणे द्रुतगती, अटल सेतू, समृद्धी इथे नेहमीसारखे पैसे जातात. तुम्ही वर्षातून दोन-तीनदाच पेटी घेऊन किनाऱ्याला येणार असाल तर माझ्या मते घेऊ नका, कारण किनाऱ्यावर फिरताना नाकेच कमी. हीच गाडी घेऊन महिन्याला खेड-शिवापूर, आनेवाडी ओलांडून साताऱ्याला जात असाल तर जरूर घ्या.

आता तुमच्या रस्त्याकडे येऊ. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा १७ आणि आताचा ६६, यावरची हातिवले आणि ओसरगाव ही नाक्यांची नावं आमच्याकडे टोलापेक्षा टोलविरोधी आंदोलनांमुळे जास्त माहीत आहेत. काम पुरं नाही तर टोल कसला, हा सिंधुदुर्ग-रत्नागिरीतला जुना वाद, आणि माझं मतही लोकांसारखंच आहे. निघायच्या दिवशी कुठला नाका चालू आहे हे महामार्ग प्राधिकरणाच्या राजमार्गयात्रा ॲपवर बघा आणि शिलक तो चालू आहे असं धरूनच ठेवा. नाक्याच्या २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खासगी गाडीसाठी मासिक पास मिळतो, तो तुम्हाला पुण्याच्या पत्त्यावर मिळणार नाही. मालवणात मामाचं घर असलं तरी नाही. चोवीस तासांत परतलात तर राष्ट्रीय महामार्गावर जाता-येता मिळून दीडपट लागतो, तो टॅग आपोआप धरतो, पण पेटी घेऊन मालवणला जाऊन चोवीस तासांत परत कोण येतंय!

गणपतीत आलात तर वेगळी गोष्ट. राज्य सरकार त्या दिवसांत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफी देतं. २०२५ मध्ये ती २३ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर अशी होती. त्यासाठी आरटीओ, वाहतूक पोलीस किंवा पोलीस ठाण्यातून गाडीचा नंबर आणि नाव घातलेला पास घेऊन काचेवर लावायचा. घोळ असा, की कमानीवरच्या अँटेनाला तो कागदी पास दिसत नाही, तिला टॅग दिसतो. देशावरच्या एका नाक्यावर माझे पैसे पास लावलेला असूनही दोन्ही वेळेला कापले गेले. पासचा आणि मेसेजचा फोटो जोडून बँकेकडे लिहिलं, जातानाचे परत आले, येतानाचे अजून यायचे आहेत. तेव्हापासून मी पासवाल्या दिवसांत लेनमध्ये शिरायच्या आधीच खिडकीतून हात काढून पास आहे म्हणून ओरडतो. शोभत नाही, पण चालतं.

श्रीवर्धनहून खाली तुम्ही सागरी रस्त्याने जाणार, तिथे तुमचा टॅग बहुतेक झोपूनच राहील. खाड्या ओलांडायला जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी बोट. श्रीवर्धनच्याही वरून आलात तर राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी, मग सावित्रीवर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, शास्त्रीच्या मुखावर तवसाळ ते जयगड. इथे फास्टॅग नाही, खिडकीवर तिकीट. रोख सुटे ठेवा, यूपीआय रेंजच्या मर्जीवर. आणि इथे ओळख एकदाच होते, ती तिकीटवाल्याच्या डोळ्यांनी. आरसी काढून दाखवायला लागलात तर तो हसेल. पेटी बघून तो मिनी टेम्पो म्हणाला तर म्हणू दे. फरक थोडा आहे आणि बोटीत तुम्ही दोन कारइतकी जागा खाल्लेली असते.

बोटीवर पैशांपेक्षा ओहोटीची काळजी करा. पाणी उतरलेलं असलं की धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांचा कोन तीव्र होतो. कार निघून जाते. पेटीचं शेपूट मागच्या चाकांच्याही मागे तीन फूट लोंबत असेल तर ते फळी चढताना सिमेंटवर घासतं, पहिला बळी पाण्याच्या टाकीचा नळ. मी दाभोळला तो मोडून घेतला आहे आणि गुहागरला पोचेपर्यंत चाळीस लिटर पाणी रस्त्यावर शिंपलं आहे. भरती-ओहोटीची वेळ बघूनच जेटीवर जा, बोटीवरच्या माणसाला आधी शेपूट दाखवा आणि तो सांगेल तसं तिरकं चढवा. त्याचा हात वर-खाली होतो त्यावर विश्वास ठेवा, आरशावर नको.

काचेबद्दलचा एक मुद्दा वर राहिला. महामार्गावर चिऱ्यांचे आणि खडीचे डंपर असतात, त्यांच्या मागे राहिलात तर कधी ना कधी काचेला खडा लागणार. काच बदलली की टॅगही गेला, आणि काचवाला ते सांगत नाही. नवी काच बसली त्याच दिवशी बँकेकडे बदली टॅग मागवा. तो येईपर्यंत आपल्याला टॅग नाही असं समजूनच मार्ग आखा, म्हणजे नाके टाळून. कोकणातून वर चढायला आंबा, फोंडा, आंबोली असे घाट आहेत. पण वर देशावर पोचलात की महामार्गाचे नाके चुकवणं कठीण, तेव्हा टॅग कुरिअरने कोल्हापूरला कोणाकडे तरी मागवून घेतलेला बरा.

तुम्ही मला तीन गोष्टी कळवा. चोच काचेच्या वरच्या कडेपासून किती इंच पुढे येते, तिच्यात फॉइल आहे का, आणि बाहेरून बघितल्यावर काच निळसर-जांभळट चमकते का. काही काचांवर उष्णता परतवणारा धातूचा लेप असतो, त्यातूनही टॅग अडतो. अशा काचेत आरशामागे काळ्या ठिपक्यांची लेप नसलेली जागा सोडलेली असते, टॅग तिथेच लावावा लागतो. तुमची काच तसली निघाली तर टॅग खाली घेता येणार नाही, मग चोचच कापून आखूड करावी लागेल. त्यासाठी पेटी माझ्याकडे आणायची तर महाशिवरात्रीच्या आत आणा, त्यानंतर आंब्याच्या टेम्पोंचं काम सुरू होतं आणि मला श्वास घ्यायला वेळ नसतो.